एका चुलीपाशी दोन मांजरे

आपल्या खेड्यांतून मांजर नाही असे घर विरळाच. भाताची कणगी आहे तेथे उंदीर यावयाचेच, आणि उंदीर आहेत तेथे मांजर हवेच, असा हा सरळ हिशेब आहे. घरात एकच मांजर असते तोवर त्याच्याविषयी कोणी फारसा विचारही करीत नाही. सकाळी मासळी साफ करताना ते पायांत घोटाळते, दुपारी कणगीवर निजते आणि रात्री आपल्या उद्योगाला निघून जाते. विचार करण्याची पाळी येते ती दुसरे मांजर आल्यावर. कधी मुले पावसात भिजलेले पिल्लू सदऱ्याखाली लपवून आणतात. कधी शहरातील मुलगा बदली झाली म्हणून आपला लाडका बोका आईच्या हवाली करून जातो. कधी शेजारची म्हातारी देवाघरी जाते आणि तिची भाटी आपल्या ओसरीवर येऊन बसते. आणि मग ज्या घरात कधी मोठ्याने बोलणे झाले नाही तेथे मध्यरात्री किंकाळ्या उठू लागतात.

अशा वेळी बहुतेक घरांतून जो निवाडा होतो तो वाचकांस ठाऊक आहेच. चार रात्री झोपमोड झाली की घरातील कर्ता पुरुष एक पोते शोधतो, दोहोंपैकी जे अधिक दोषी वाटेल त्याला त्यात घालतो आणि नदीपलीकडे किंवा बाजाराच्या गावी नेऊन सोडतो. उपासमार होईल अशा स्थितीत पाळलेले जनावर टाकून देणे हा प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. पण कायदा क्षणभर बाजूस ठेवू. अनोळखी बाजारातील कुत्रे, रस्त्यावरच्या गाड्या आणि तेथले मूळचे बोके यांच्या तावडीत घरच्या मांजराची काय गत होत असेल, हे आपल्या डोळ्यांआड होते एवढेच. होत नाही असे नव्हे. शिवाय या निवाड्यात आरोपी बहुधा चुकीचा निवडलेला असतो. ते कसे, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखप्रपंच.

मांजराचा मूळ पुरुष म्हणजे आफ्रिकेत व पश्चिम आशियात आढळणारे रानमांजर. माणसाशी त्याचा संबंध फार जुना. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्यालगत पुरलेले मांजर फ्रेंच संशोधकांना सापडले, व ती हकिकत २००४ साली प्रसिद्ध झाली. त्या बेटावर रानमांजरे मुळात नव्हती. तेव्हा कोणीतरी ते होडीतून नेले असले पाहिजे. परंतु इतक्या सहवासानंतरही मांजराने आपला एकट्याने शिकार करण्याचा स्वभाव सोडलेला नाही. कुत्रा कळपाचा प्राणी. त्याला भांडण मिटविण्याच्या रीती ठाऊक आहेत. तो शेपूट पायांत घालतो, उताणा पडतो, शरण येतो, आणि समोरचा कुत्रा त्याला सोडून देतो. मांजराजवळ असा शरणागतीचा विधी जवळजवळ नाहीच. त्याला एकच उपाय माहीत आहे आणि तो म्हणजे दूर निघून जाणे. घरातील मांडणी, बंद दारे किंवा संततधार पाऊस यांमुळे ती दूर जाण्याची वाट बंद झाली की मग नखे बाहेर पडतात. दोन मांजरांच्या घरातील बहुतेक साऱ्या तंट्याचे मूळ येथे आहे.

याची दुसरी बाजू जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पाउल लायहाउझेन यांनी दाखवून दिली आहे. मांजरांच्या वर्तनाचा त्यांचा ग्रंथ १९५६ साली निघाला. एकाच परिसरातील मांजरे त्याच त्या पायवाटा वापरतात, पण वेळा वाटून घेतात. एक येताना दिसले तर दुसरे थांबते, बसते आणि ते निघून गेल्यावर पुढे जाते, असे त्यांना आढळले. आपल्या घरीही सकाळी ओसरी एकाची व तिन्हीसांजेला दुसऱ्याची अशी वाटणी होऊ लागली, तर तो अबोला समजून दोघांना बळेच एका चटईवर बसविण्याचा आग्रह गृहिणींनी धरू नये. तो त्यांचा समेट आहे.

कोणी म्हणेल, गोठ्यात तर चार-पाच मांजरे एकत्र गुण्यागोविंदाने नांदतात. नांदतात खरी, पण ती बहुधा एकाच घराण्यातील असतात. आई, लेकी, बहिणी एकत्र राहतात आणि एकमेकींच्या पिल्लांना पाजतातसुद्धा. परक्या मांजराला हे माहेर खुले नसते. एका वेतातील दोन बोकेही लहानपणी एकमेकांच्या अंगावर झोपतात, आणि दोन वर्षांचे होता होता एकमेकांकडे टक लावून पाहू लागतात. दोन मांजरे हवीच असतील तर दोन बहिणी किंवा मायलेकी ठेवाव्यात, असे आमचे मत आहे.

आता वासाविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे, कारण माणसाची सर्वांत मोठी चूक येथे होते. आपण डोळ्यांनी ओळखतो, मांजर नाकाने ओळखते. त्याच्या गालांत, हनुवटीखाली, पंजांत व शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, पाटाच्या कोपऱ्याला व आपल्या पायांना ते गाल घासते ते लाडाने खरे, पण त्याबरोबरच आपल्या घराची खूणही ते ठेवीत असते. त्याच्या टाळूत, वरच्या दातांमागे, गंध घेणारे आणखी एक इंद्रिय आहे. एखाद्या जागी हुंगून ते तोंड अर्धवट उघडे ठेवून खुळ्यासारखे बघत राहते, तेव्हा या इंद्रियाचे काम चाललेले असते. एकत्र राहणारी मांजरे अंगाला अंग घासतात, एकमेकांना चाटतात आणि त्यातून त्या कुटुंबाचा एक सामाईक वास तयार होतो. त्या वासाचा तो आपला, इतर सारे परके. जखमेवर टाके घालून दवाखान्यातून परत आलेल्या मांजरावर त्याचा वर्षानुवर्षांचा सोबती तुटून पडतो, तो कृतघ्नपणा नव्हे. समोरच्याच्या अंगाला औषधाचा वास येत असतो, घराचा येत नसतो, एवढेच. अशा मांजराला एक रात्र वेगळ्या खोलीत, घरातल्याच जुन्या फडक्यावर निजवावे. बहुधा तेवढ्याने भागते.

म्हणून नवे मांजर आणले की त्याला प्रथम जुन्याच्या दृष्टीसही पडू देऊ नये. धान्याची खोली किंवा मागची पडवी त्याच्यासाठी बंद करून द्यावी. त्याच्या अंगाखालचे फडके जुन्या मांजराच्या थाळीजवळ व जुन्याचे याच्या थाळीजवळ ठेवावे. तीन-चार दिवसांनी दोघांना बंद दाराच्या दोन बाजूंना जेवू घालावे. थाळ्या प्रथम दारापासून दूर, मग रोज थोड्या जवळ. फिसकारणे थांबून खाणे निवांत होऊ लागले की अधूनमधून खोल्यांची अदलाबदल करावी. त्यानंतर दारात मासेमारीचे जुने जाळे दुहेरी ताणून बांधावे, म्हणजे दिसेल पण पंजा पोचणार नाही. जाळ्यापलीकडून पाहत पाहत जेवण होऊ लागले, की मगच ते काढावयाचे, आणि तेही प्रारंभी पाच-दहा मिनिटेच. या साऱ्याला कोठे आठवडा लागतो, कोठे महिना, कोठे त्याहून अधिक. मुलांनी मात्र दोघांना दोन हातांत धरून तोंडाला तोंड लावण्याचा खेळ कदापि करू नये. त्या एका क्षणाची दहशत पुढे महिनोन्महिने पुसता येत नाही.

आता चुकीच्या आरोपीची गोष्ट. आमच्या माहितीतील एका घरी आठ-नऊ वर्षांची भाटी होती व पुढे एक तरणा बोका आला. भांडण असे कधी ऐकू आले नाही, म्हणून सर्वांना समाधान वाटत होते. पण दोन महिन्यांत भाटी गाद्यांवर मुतू लागली, कोणी हात लावला तर ओरबाडू लागली, आणि दिवस दिवस माळ्यावरून खाली येईनाशी झाली. म्हातारपणी हिला खोडी सुचल्या, आता हिला सोडून यावे, असे ठरलेही होते. घरातील सुनेने मात्र दोन दिवस नीट लक्ष ठेवले. बोका काहीच करीत नव्हता. तो फक्त स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहात होता. पण थाळी आत, पाण्याचे भांडे आत, आणि परसात जाण्याचे दारही आतच! भाटी जिन्यावरून खाली डोकावे, तो नुसता डोळे रोखून पाही, आणि ती परत फिरे. किंकाळी नाही, ओरखडा नाही, तरी तिला अन्न, पाणी व शौच या तिन्ही गोष्टींना बंदी झाली होती. सुनेने एक थाळी व पाणी माळ्यावरच ठेवले, राखेने भरलेले घमेले जिन्याखाली ठेवले आणि बोक्याची थाळी पुढच्या पडवीत नेली. गाद्या कोरड्या राहू लागल्या.

गाजावाजा करणाऱ्या भांडणापेक्षा हे मुके भांडण अधिक घातक असते, कारण ते कोणाला दिसत नाही. एक मांजर वाटेवर आडवे पसरलेले असते व दुसरे भिंतीच्या कडेने जाते. एक टक लावते व दुसरे मान वळविते. एकाचे वजन वाढते व दुसरे स्वतःलाच चाटून चाटून पोटावरचे केस घालविते. असे दिसू लागले की थाळ्या, पाण्याची भांडी, निजण्याच्या जागा निरनिराळ्या ठिकाणी मांडाव्यात. एकमेकांना लागून ठेवलेल्या दोन थाळ्या मांजराच्या हिशेबी एकच होत. पावसाळ्यात दोघेही घरात अडकतात, तेव्हा राख किंवा रेती भरलेली घमेली मांजरांच्या संख्येहून एक अधिक असावीत. फडताळावर किंवा खिडकीशेजारी उंचावर एखादी फळी मोकळी ठेवावी. जमिनीवर जागा नसली तरी उंची उपयोगी पडते.

बोक्याचे खच्चीकरण व भाटीची शस्त्रक्रिया यांबाबत पुष्कळ घरांतून अनमान केला जातो. कॅलिफोर्नियातील दोन संशोधकांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, खच्चीकरणानंतर दहांतील सुमारे नऊ बोक्यांची मारामारी कमी झाली होती. एवढे एकच करावयाचे असेल तर हे करावे.

कधी कधी दोघांचे काहीच वैर नसते. खिडकीत बसलेल्या मांजराला अंगणात परका बोका दिसतो, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि तो सारा संताप शेजारी निजलेल्या सोबत्यावर निघतो. फेस्ताच्या किंवा नाताळच्या फटाक्यांनीही हेच होते. हा क्षोभ काही तास, क्वचित काही दिवस टिकतो. अशा मांजराला उचलून घेऊन समजावू नये. अंधाऱ्या, शांत खोलीत पाणी ठेवून एकटे सोडावे. ते शांत झाल्यावर दुरून त्याच्याकडे पाहून डोळे हळूहळू मिटावे व उघडावे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या प्रयोगांत असे दिसले की मांजरे या मिचकावण्याला तशीच दाद देतात आणि तसे करणाऱ्याच्या जवळ अधिक विश्वासाने येतात. हे करून पाहण्यास पैसा पडत नाही.

प्रत्यक्ष मारामारीत मात्र हात घालू नये. मधे सूप किंवा पाट सरकवावा, अथवा घोंगडे टाकावे. मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे, कारण अलर्क रोग मांजरापासूनही होतो. मांजराच्या स्वतःच्या जखमा वरून टाचणीएवढ्या दिसतात व आत पू धरतात. ताप उतरावा म्हणून त्याला माणसाची पॅरासिटामोलची गोळी कोणी देऊ नये, ती त्याला विषासारखी मारते. आणखी एक गोष्ट घरातील सर्वांनी ध्यानात ठेवावी. चिंतेने मांजराचे मूत्राशय सुजते. बोका पुनःपुन्हा घमेल्यात बसून कुंथत असेल व थेंबही पडत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबला असे समजून त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. दोन-तीन दिवसांत असे जनावर दगावते, आणि घरचे लोक त्याला बद्धकोष्ठ झाला असे समजत असतात.

एवढे करूनही काही जोड्या जमत नाहीत. तसे झाल्यास एकाला दुसरे घर पाहून द्यावे. बहिणीकडे, मावशीकडे, ज्यांच्या कणगीला मांजर हवे आहे अशा कोणाकडेही. पाठविताना पोते नको, झाकणाची टोपली घ्यावी आणि तिच्यात त्याच्या अंगाखालचे रोजचे फडके न धुता घालावे. नव्या घरच्या माणसांना सांगावे की तीन-चार आठवडे त्याला बाहेर सोडू नका, नाही तर ते परतीची वाट धरील. आणि पहिले काही दिवस ते कोठल्याशा पेटाऱ्यामागे दडून बसले तर ओढून काढू नका, रात्री थाळी तेवढी जवळ सरकवून ठेवा.