चौकशीचा पाट शेवटच्या शेतापर्यंत नेणार कोण?

सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर बंधूंनो! पाऊस दडी मारतो, विहिरी तळ गाठतात, गावोगाव ओरड होते; तेव्हा सरकार पहिले काम कोणते करते? चौकशी नेमते. आमच्या मुलखाला चौकश्यांची टंचाई कधीच पडली नाही. टंचाई पडली ती पाण्याची!

हिशेबच पाहा. १८९६ व १८९९ च्या दुष्काळांत माणसे आणि गुरे मेली, तेव्हा इंग्रज सरकारने १९०१ साली पाटबंधारे कमिशन नेमले. १९०३ साली त्याचा अहवाल झाला. मराठी राज्य आल्यावर १९६२ साली स. गो. बर्वे यांच्या आयोगाने अहवाल दिला. १९८४ साली दांडेकर समितीने कोणत्या भागाचा किती अनुशेष राहिला ते मांडले. १९९९ साली डॉ. माधव चितळे यांच्या आयोगाचा अहवाल आला. पुढे दहा वर्षांत सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्चूनही भिजणारे क्षेत्र ०.१ टक्काच वाढले, असा बोभाटा २०१२ साली झाला. तेव्हा सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि चितळे यांच्याच हाताखाली विशेष पथक बसविले. त्याचाही अहवाल २०१४ साली आला.

ही माणसे विद्वान, त्यांचे श्रमही मोठे. त्यांस आम्ही बोल लावीत नाही. काहीच झाले नाही असेही म्हणत नाही; पाणीवाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडे देण्याचा कायदा २००५ साली झालाच. पण शेपटाकडच्या शेतकऱ्याला विचारा, त्याच्या पोटचारीत पाणी किती पाळ्यांना पोचले? तो कोरडी चारी दाखवील. उजनीचे धरण आमच्याच माढा तालुक्यात. १९८० साली पुरे झाले. पोटात ११७ टीएमसी पाणी मावते, त्यांतले ६३ हून अधिक मृतसाठ्याचे. एवढा समुद्र उशाशी असून सोलापूर शहरातल्या विणकरांच्या वस्त्यांना नळाचे पाणी वर्षानुवर्षे चार-चार दिवसांआड मिळत आले. उशाला धरण आणि घशाला कोरड!

असे का व्हावे? आमचे उत्तर सरळ आहे. चौकशी हेही विहिरीसारखे एक काम आहे, आणि ते काम म्हणून कोणी चालवीत नाही. विहीर खणताना आपण जागा ठरवतो, खोली ठरवतो, मुदत ठरवतो आणि पाणी लागेतो माणूस उभा करतो. नुसता दगडांचा ढीग दाखवून कोणी मजुरी मागितली तर देऊ काय? आमचा विणकर चादर वार मोजून देतो. मग कागदांचा ढीग टाकून चौकशी पुरी झाली, असे सरकारने कोणत्या तोंडाने म्हणावे?

सबब आमचे मागणे हे. चौकशीला प्रश्न लेखी नेमून द्यावा आणि मुदतही. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याने साक्षीदारास हजर करण्याचा व दप्तर मागविण्याचा अधिकार मिळतो. तो अधिकार चौकशीला असावा, नाहीतर ती ज्याचे दप्तर त्याच्याच मेहरबानीवर चालायची. पाणी कालव्याच्या तोंडाशी मोजून भागणार नाही, ते शेवटच्या दाराशी मोजावे. सुनावणी मुंबईत नव्हे, करमाळ्यात, सांगोल्यात, मंगळवेढ्यात, मराठीतून व्हावी. डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईलाही विचारावे. आणि अहवालानंतर प्रत्येक शिफारशीपुढे एका अंमलदाराचे नाव व एक तारीख लिहावी, आणि काय झाले ते दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावे.

आता थोडे आपल्या घरातलेही बोलू. पाण्याच्या तुटीच्या मुलखात उसाला आवर घाला, असे १९९९ च्या आयोगाने सांगितले. आमच्या जिल्ह्यात पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि साखर कारखाने तर डझनांनी! वरच्या अंगाचा भाऊ उसाला पाट फोडतो आणि खालच्या अंगाच्या भावाची ज्वारी करपते. अहवाल कपाटात पडला तो एकट्या सरकारमुळे पडला काय? तो बाहेर निघू नये असे वाटणारे आपल्यातही आहेत. हे कडू आहे, पण खरे आहे.

जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून बांध घालावे, एवढे सांगून ते थांबले नाहीत. ते काम सरकारने आपल्या पलटणींतल्या व पोलिसांतल्या शिपायांकडून करवावे, हेही सांगितले. काय करावे आणि कोणी करावे, या दोन्ही गोष्टी एकत्र! तेच जोतीराव १८८२ साली शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे रयतेच्या मुलांचे गाऱ्हाणे लेखी मांडते झाले. चौकशी साहेबलोकांची म्हणून ते घरी बसले नाहीत.

आपणही बसू नये. पुढची चौकशी येईलच, कारण दुष्काळ येईलच. तोवर प्रत्येक गावाने एक वही घालावी. पाळी कोणत्या तारखेस सुटली, आपल्या दारी कधी पोचली, किती तास चालली, ते शाळेत जाणाऱ्या पोरापोरींकडून लिहून घ्यावे. ही वही घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला कोणताही अंमलदार अडाणी म्हणून हाकलू शकणार नाही.