एका ‘लाइन’ने किती राबावे?

सीताबर्डीच्या मेन रोडवर सायंकाळी वीज खंडित झाली, की दुकानाच्या पायरीवरून एकच उद्गार निघतो, ‘लाइन गेली!’ तिकिटासाठी लावायची तीही लाइन, दूरध्वनीवर मिळत नाही तीही लाइन. दहावीनंतर मुलाने कोणती ‘लाइन’ घ्यावी याची घरोघरी चिंता, आणि महाविद्यालयाच्या फाटकाशी उनाड पोरे मारतात तीही लाइनच!

या शब्दाची कुळकथा मात्र मोठी घरगुती आहे. लॅटिनमधील ‘लिनुम’ म्हणजे जवस. विदर्भात ज्याची चटणी होते तेच. जवसाच्या धाग्यावरून दोरी, दोरीवरून रेघ, रेघेवरून रांग असा अर्थ पसरत गेला. छावणीतील बराकींच्या रांगांना इंग्रज ‘लाइन्स’ म्हणत. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचा पराभव झाला, १८५३ मध्ये तिसरे रघुजी निवर्तल्यावर राज्यही खालसा झाले; पुढे गोऱ्या मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ‘सिव्हिल लाइन्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ते विशेषनाम आहे, त्यात इतिहास साठला आहे. सीताबर्डीला एकमेकींना छेदणाऱ्या मेट्रोच्या ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइनविषयीही फारशी तक्रार नसावी. वस्तू नवी, नाव तिच्यासोबत आले. आणि ‘मार्गिका’ हा उत्तम पर्याय वृत्तपत्रांतून दिसू लागलाच आहे.

आक्षेप आहे तो आयत्या शब्दाच्या आळसाला. इंग्रज विजेच्या तारेला लाइन म्हणेल, विजेला नव्हे. रांगेसाठी तर त्याच्याकडे ‘क्यू’ हा वेगळा शब्द आहे. म्हणजे परक्याने आपल्या शब्दावर जेवढा भार टाकला नाही, तेवढा मराठी माणसाने टाकला! सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत भाषाशुद्धीचा आग्रह धरला, तेव्हा त्यांची टिंगल झाली. त्यांचे ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ आज कोणाला खटकतात? नव्या वस्तूसोबत आलेल्या परक्या शब्दाला त्यांचाही सरसकट विरोध नव्हता. स्वतःचा शब्द घरात असताना उसनवारी नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आणि मराठीच्या घरात काय नाही? अक्षरांची ओळ, माणसांची रांग, दर्शनाला लागणारी भक्तांची रीघ, पाटीवरची रेघ, जेवणाऱ्यांची पंगत. प्रत्येक शब्दासोबत वेगळे चित्र उभे राहते. ‘लाइन’ म्हटले, की ही सारी चित्रे एकरंगी होतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पण पाचवीतल्या मुलाला रांग आणि रीघ यांतला भेद विचारावा, तो आईच्या तोंडाकडे पाहतो. पंगतीला अजून कोणी लाइन म्हणत नाही हे खरे. मात्र मंगल कार्यालयांतून बुफे आला, पंगत उठली आणि पाहुणे हाती ताटली घेऊन निमूटपणे लाइनीत उभे राहिले.