राहूची गोष्ट आणि आपली आकृती

ग्रहण लागले की आजी आम्हां भावंडांना घरात बसवी आणि राहूची गोष्ट सांगे. अमृत चोरून पिणारा राक्षस, सूर्यचंद्रांनी केलेली चुगली, विष्णूचे चक्र आणि धडावेगळे झालेले मस्तक! पुढे शाळेत ग्रहणाचे खरे कारण शिकलो. तीन वर्तुळे, चार रेघा, ‘आकृतीसह स्पष्ट करा’. गुण मिळाले, आकृती विसरलो. राहू मात्र अजून डोक्यात ठाण मांडून आहे.

ही हसण्यावारी नेण्याची बाब नव्हे. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात कलबुर्गीजवळ अपंग मुलांना, ती बरी होतील या आशेने, गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवल्याच्या बातम्या आल्या. ‘अडाणी लोक’ म्हणून आपण मोकळे झालो. पण त्या आईबापांजवळ एक गोष्ट होती. आपल्याजवळ केवळ आकृती. मग दोष कोणाचा?

विज्ञानाने लोकांकडे गोष्टीच्या वाटेने गेले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने विज्ञान सवंग होईल, अशी भीती वाटणाऱ्यांनी १९७४ साल आठवावे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ यांची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर! नाव पाहून परीक्षकांनी झुकू नये म्हणून आद्याक्षरे उलटी केलेली, हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली. २०२५ साली निवर्तलेल्या या जगन्मान्य शास्त्रज्ञाला गोष्ट लिहिण्यात कधी कमीपणा वाटला नाही.

आमच्या कन्नड मित्रांजवळही असेच धन आहे. पूर्णचंद्र तेजस्वींच्या ‘कर्वालो’ (१९८०) या कादंबरीत एक शास्त्रज्ञ उडत्या सरड्याच्या शोधात घाटातले रान तुडवतो. तो सरडा आधी पाहिलेला असतो मधाची पोळी काढणाऱ्या मंदण्णाने! विज्ञानात आपल्यालाही जागा आहे, हे साध्या माणसाला व्याख्येतून कळत नाही. अशा गोष्टीतून कळते.

मात्र नुसते चमत्कार रंगवले तर एका राहूच्या जागी दुसरा येऊन बसेल. राहूची गोष्ट ‘ऐका’ म्हणते. विज्ञानाच्या गोष्टीने ‘पडताळून पाहा’ म्हटले पाहिजे.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. आषाढातल्या ढगांनी कृपा केली, तर मी अंगणात गव्हाची चाळण उन्हात धरणार आहे. भोकाभोकांतून भिंतीवर लहान लहान सूर्य उमटतील, प्रत्येकाच्या कडेला चावा घेतलेला. मग आजीला बाहेर बोलावून विचारीन, “आजी, एवढ्या सगळ्या सूर्यांना एकटा राहू कसा गं पुरा पडला?” गोष्ट तिथूनच सुरू करायची.