भंगार म्हणे!

‘विका ती जीप भंगारात’ असं सांगणारा एक तरी दर बाजाराला भेटतोच. घोंगड्या घेऊन म्हसवड, दहिवडी, आटपाडी करायचं नि रात्री मागं पथारी टाकायची. आठ-आठ दिवस तेच माझं घर.

बंद पडते, नाही कुठं म्हणतोय? पण का पडली ते कळतं. डिझेलच्या नळीत हवा धरली, तर फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप दाबत राहायचं. फेस थांबून निव्वळ डिझेल आलं की बोल्ट आवळायचा. बॅटरी उतरली तर उतार बघून ढकलायची. हे जुनं इंजिन एकदा धरलं की विजेवाचून चालतं, बंद करायलासुद्धा तारच ओढावी लागते. फॅनबेल्ट तेवढा जादा जवळ ठेवावा. सुतळी बांधा म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये.

आणि नवी गाडी? दिवा लागतो, गावचा मिस्त्री हात जोडतो. म्हणे कॉम्प्युटर लावल्याशिवाय कळत नाही. मग टोचन करून शहर गाठा! दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारनं २०२२ साली समिती नेमली, तिच्या विषयांत वाहनंही आहेत. म्हणजे रोख पैसे मोजून घेतलेली गाडी खोलायलाही आता हक्क मागायचा? आमच्या मिस्त्र्यानं पाना उचलताना कधी कुणाला विचारलं होतं?