रक्त जातंय कुठे, ते आधी विचारा

एक रोग दुसऱ्या रोगाचं कारण होतो, त्याला चरकाने निदानार्थकर रोग म्हटलं. निदानस्थान, अध्याय आठवा. ज्वरातून रक्तपित्त, पडशातून खोकला, खोकल्यातून क्षय. परीक्षेत हे घडाघडा लिहिणारे आम्ही वैद्य दवाखान्यात बसलो की नेमकं हेच विसरतो, आणि भोगते ती बाई.

तिशीतली एक बाई माझ्याकडे आली. जिना चढताना धाप, नखं पांढरीफटक, हिमोग्लोबिन सात. पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा: लोहाच्या गोळ्या, पुनर्नवा मंडूर, लोहासव, पुन्हा गोळ्या. पाळीबद्दल एका कागदावर अक्षर नाही. विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाली, "आठ-दहा दिवस जातं अंगावरून. गाठी पडतात. बायकांचं चालायचंच ना हे?" मूळ रोग पांडू, म्हणजे रक्तक्षय, नव्हताच; असृग्दर, म्हणजे पाळीतला अतिरक्तस्राव, होता. सुश्रुताने अतिरक्तस्रावाच्या परिणामांत भोवळ, मूर्च्छा, पांडुत्व स्पष्ट सांगितलंय. मग तळाला भोक पडलेल्या घागरीत वरून लोह ओतत राहण्याला उपचार कसं म्हणायचं? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्यांतल्या कितीजणींना कुणी पाळीबद्दल विचारलं?

दुसरं टोक बीडचं. तिथल्या हजारो ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९मध्ये उघड झालं. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, खाडा केला की मुकादम पैसे कापतो. त्यात कॅन्सरची भीती घातली की बाई ऑपरेशनला तयार. कोवळ्या वयात अंडाशयंही गेली की हाडं ठिसूळ होतात. एक रोग शमवून दुसरा उठवतो तो प्रयोग शुद्ध नव्हे, हे चरकाने त्याच अध्यायात बजावलंय.

आणि प्राचीन ज्ञानाचे ढोल बडवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनो, श्लोक म्हटल्याने फायब्रॉइड दिसत नाही. त्याला सोनोग्राफी लागते, थायरॉइडला रक्ततपासणी लागते. कारण न शोधता अशोकारिष्टाच्या बाटल्यांवर महिनोन् महिने बाईला झुलवणं हा ग्रंथाशीच द्रोह आहे.

लोह जरूर द्या. पण पाळी किती दिवस, गाठी पडतात का, दिवसाला किती कापडं किंवा पॅड बदलावी लागतात, हे केसपेपरवर लिहिल्याशिवाय तिला दारातून परत पाठवू नका. हे वैद्यांना सांगतोय, तसंच एमबीबीएसवाल्यांनाही.