ताई, लाल बटण कुठं गेलं?

"ताई, कालपर्यंत लाल बटण होतं की इथं! कुठं गेलं?"

मेसच्या काकांचा हा प्रश्न मी जन्मात विसरणार नाही. गेल्या सेमिस्टरला आम्ही तिघींनी हॉस्टेलसाठी एक छोटंसं ॲप केलं होतं. काम एकच. जेवायला येणार नसाल तर लाल बटण दाबा, खाडा लागला! काकांना सकाळीच ताटांचा आकडा कळायचा. सगळे खूश. पण आम्हाला कुठलं स्वस्थ बसवतंय? एका रविवारी रात्री दोन वाजता, मॅगी खात खात, आम्ही ॲपचं अख्खं रूप बदललं आणि सगळ्यांना एकदम अपडेट पाठवून झोपलो. लाल बटण 'डाउनमार्केट' दिसतं म्हणून मेनूच्या आत ढकललं. सोमवारी ते कोणालाच सापडलं नाही. खाडे लागले नाहीत, आणि रात्री उरलेल्या पोळ्यांचं टोपलं काकांनी मुकाट्याने उचललं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटची, माझं मराठी अजून 'बीटा व्हर्जन'च आहे. तरी एक गोष्ट ठणकावून सांगते. लोकांच्या बोटांना जी सवय झालीय, ती मोडण्याआधी त्यांना विचारायलाच हवं.

हे फक्त आमच्यासारख्या नवशिक्यांचं होतं असंही नाही. स्पीकर बनवणाऱ्या अमेरिकेच्या 'सोनोस' कंपनीने मे २०२४ मध्ये आपलं ॲप नव्याने लिहून सगळ्यांना दिलं. त्यात गजर लावायची, ठरावीक वेळाने गाणी बंद करायची सोयच नव्हती! ग्राहक खवळले. जुनं ॲप परत द्यावं, तर तेही जमेना, कारण स्पीकरमधलं आणि सर्व्हरवरचं सॉफ्टवेअरही तोपर्यंत बदललेलं. जुलैमध्ये कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते पायउतार झाले.

मग काय, बदलायचंच नाही का? बदलायचं, पण बेताबेताने. ॲपलकडे त्यासाठी सात दिवसांची सोय आहे. ज्यांचे फोन आपोआप अपडेट होतात, त्यांच्यातल्या आधी १ टक्का लोकांना नवं रूप मिळतं, मग २, ५, १०, २०, ५० आणि सातव्या दिवशी १००. गडबड दिसली की मध्येच थांबवता येतं. गुगल प्लेवरही टक्केवारी आपण ठरवू शकतो. पण लक्षात ठेवा, थांबवलं तरी ज्यांच्या फोनवर अपडेट पोचलं, त्यांचं जुनं ॲप आपोआप परत येत नाही! म्हणून नवा स्क्रीन सर्व्हरवरून बंद करता येईल असा 'स्विच' आधीच ठेवावा. ही मागे फिरायची वाट.

दुसरं म्हणजे, सुरक्षेची दुरुस्ती आणि रंगरंगोटी एकाच पुडीत बांधू नका. नव्या रूपाला घाबरून लोक अपडेट करायचंच सोडतात आणि सुरक्षेची दुरुस्तीही राहून जाते. आपल्या हॉस्टेलमध्ये 'नंतर, नंतर' करत महिनोन्‌महिने अपडेट टाळणारे किती आहेत, मोजून बघा! ते आळशी नाहीत. एकदा पोळलेले आहेत.

आणि तिसरं, सर्वात स्वस्त. पाठवण्याआधी फोन एखाद्या काकांच्या हातात द्या, काही समजावू नका, आणि त्यांचं बोट कुठे अडतं ते गप्प बसून बघा.

आम्ही पुढच्या वेळी हेच केलं. आधी फक्त आमच्या मजल्यावर, आठवडाभर. लाल बटण आता पुन्हा पहिल्याच स्क्रीनवर आहे, आधीपेक्षा मोठं. कुरूप? असेल! पण काका रोज सकाळी म्हणतात, "आकडा आला बरं का ताई."

प्रोजेक्टच्या मार्कांपेक्षा मला ते वाक्य जास्त प्रिय आहे.