अंगतपंगत

इ.स.पू. ३९९मध्ये अथेन्सच्या सुमारे ५०० पंचांनी मतदान करून सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला. पंच म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेली साधी माणसं. प्लेटो तेव्हा तिशीच्या आत होता. गुरूचा जीव बहुमताने घेतला, हे तो आयुष्यभर विसरला नाही. ‘रिपब्लिक’मध्ये त्याने एक जहाज रंगवलं आहे. मालक धिप्पाड, पण त्याला ऐकू कमी येतं, दिसतंही बेताचंच. खलाशी सुकाणूसाठी एकमेकांच्या उरावर बसलेले. ऋतू, वारे, तारे जाणणारा एकटाच, आणि आभाळाकडे बघत बसणारा बिनकामाचा माणूस म्हणून सगळे त्यालाच हिणवतात. हे वाचताना दर वेळी गलबलून येतं. त्यात तर्काहून सुतक जास्त आहे.

त्याचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल मूळचा स्टागिराचा, अथेन्समध्ये परका. सभेत हात वर करायचा हक्क त्याला नव्हता. लोकशाहीला त्याने बिघडलेल्या राज्यपद्धतींत बसवलं. स्त्रियांना आणि गुलामांना तर कारभाराबाहेरच ठेवलं, आणि ते मला कधीच पटणार नाही. तरी ‘पॉलिटिक्स’मध्ये तोच माणूस सांगतो, की एकाच्या खर्चाने घातलेल्या जेवणापेक्षा अनेकांनी आणून मांडलेलं जेवण सरस होऊ शकतं. म्हणजे आपली अंगतपंगतच! घर कसं झालंय हे गवंड्याहून त्यात राहणाऱ्याला अधिक कळतं. सुकाणूची पारख सुताराहून ते धरणाऱ्याला. अनेक हातांच्या शिदोरीवर निघणाऱ्या दिवाळी अंकाला हा विचार जवळचा वाटतो, म्हणून यंदाचा अंक लोकशाहीवर.

अथेन्सचंच आणखी एक जहाज मला आठवतं. इ.स.पू. ४२७मध्ये अथेन्सविरुद्ध बंड करणाऱ्या मायटिलिनी शहरातले सगळे पुरुष मारावेत, असं सभेने संतापाच्या भरात ठरवलं आणि हुकूम घेऊन जहाज रवाना झालं. रात्रीत लोकांना स्वतःच्याच निर्णयाची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा, पुन्हा वाद, आणि अगदी थोड्या मतांनी हुकूम मागे. बंडाचे म्होरके पुढे मारले गेलेच, पण शहर वाचवायला दुसरं जहाज सुटलं. वल्हेकरी दारूतेलात मळलेलं जवाचं पीठ वल्ह्यांवरच खात होते, पाळीपाळीने झोपत होते. पहिला हुकूम वाचून झाला होता, अंमल सुरू व्हायचा होता, तेवढ्यात ते बंदरात शिरले.